शेरा

माझं आडनाव निनावे,
आणि काम नंबर टाकायचं.
खोडाला पांढरा पट्टा, पट्ट्यावर लाल आकडा,
छातीच्या उंचीवर टेप फिरवून घेर,
उंची अंदाजे, वय त्याहून अंदाजे.
झाडामागे अकरा रुपये,
रंग आपला.

अजनीच्या अलीकडे, जुन्या क्वार्टरांमागचं हे उद्यान
नकाशात आता पार्किंग आहे, तीन मजली,
वर फूड कोर्ट.
मला फक्त मोजायला सांगितलंय.

नागपूरचा एप्रिल. नऊलाच डांबर बुटाला धरतं.
ओला करून बांधलेला दुपट्टा
या कडुनिंबापासून त्या करंजापर्यंत वाळतो.
तीनशे नऊ शिरीष. तीनशे दहा शिरीष.
तीनशे अकरा आवळा, सडपातळ.
तीनशे बारा बेहडा.
ब्रश टेकवणार, तर मागून कौतिकाबाई उईके:
"आवाज नोको करू भाऊ. आत बाई हाय."

खराटा उचलून तिनं वर दाखवलं.
खोडात ढोली, ढोलीला चिखलाची भिंत,
भिंतीला फट, चोच मावेल एवढीच.
"धनेश. सोताच लिपून घेतलं तिनं सोताले.
पिसं गाळून बसली. उडताबी येत नाही आता.
नवरा आणून देते तेच खाते."

तेवढ्यात तो आला, राखाडी,
चोच त्याला दोन मापं मोठी.
पिंपळाची फळं घशातून एकेक वर काढत
फटीत ठेवत गेला.
चौदा.
मोजायची सवय.

फॉर्मात रकाने पाच:
प्रजाती, घेर, उंची, अवस्था, शेरा.
शेऱ्यात लोक लिहितात "वाळवी", "तारेला लागून".
मी लिहिलं,
"आत एक बाई राहते. जूनपर्यंत हलवू नये."
यात कावा नव्हता. रकाना लहान होता, ऊन फार होतं,
पक्षी म्हणायचं सुचलं नाही.

दहाव्या दिवशी फोन:
कोण बाई? कुणाच्या परवानगीनं? आधार कार्ड आहे का?
फाइल उद्यानातून अतिक्रमण विभागात गेली,
तिथून समाजकल्याणात,
तिथून "सदर महिला निराधार आहे काय" एवढा प्रश्न घेऊन
परत उद्यानात.
मग एकदा जीप भरून पथक आलं.
चौघांनी ढोलीकडे पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं,
आणि तरी नोटीस चिकटवली, आदेशच तसा होता:
सात दिवसांत जागा रिकामी करावी.

कौतिकाबाईनं अक्षर अक्षर लावून ती वाचली.
"सात दिवसात काहून मोकळी होईन बाळंतीण?
यायच्या घरी कोणी बाळंत होत नाही का?"

तोवर पलीकडून काम सुरू झालं होतं.
एक ते चाळीस गेली.
ट्रॉलीत ओंडके आडवेतिडवे, माझे आकडे उलटे,
तरी वाचता येत होते.
सतरा. तेवीस. एकतीसचा ओघळ, मीच घाईत सोडलेला.
माझं अक्षर इतकं सुवाच्य आहे, हे मला माहीत नव्हतं.
त्या रात्री कूलरसमोर बसून हिशेब केला,
चाळीस गुणिले अकरा.
बरोबर आला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात बेहड्याखाली तुकडे सापडले:
वाळलेली माती, विष्ठा, त्यात मळलेल्या उंबराच्या बिया.
भिंत आतून फोडलेली.
एक तुकडा खिशात घातला. पॅन्ट धुताना बायको ओरडली.

साहेबांचं पत्र: सदर महिला गेली काय? खुलासा सादर करावा.
गेली म्हटलं तर झाड जातं.
नाही म्हटलं तर खोटं,
आणि खोटं मी अजून फक्त उंचीच्या रकान्यात लिहिलंय.
दोन दिवस पेन टोपणातच राहिलं.
मग लिहिलं:
"गेली. पुढल्या एप्रिलात परत येणार आहे.
तोपर्यंत घर तिचंच समजावे."
खाली सही, निनावे.

उरलेले फॉर्म घेऊन पुन्हा आलोय.
एक्केचाळीस, चिंच. घेर आहे, उंची आहे,
शेरा कोरा.
कौतिकाबाई, इथं कोण राहतं?

तिनं खराटा खोडाला टेकवला, पदरानं मान पुसली.
"बस खाली," म्हणाली,
"टाइम हाय का तुले?"