झाकण घट्ट लावू नका

पहाटे रायबंदरच्या धक्क्यावर
फेरीबोटीची साखळी सोडता सोडता तो म्हणाला,
सायकलींना तिकीट नाही.
शालन माझ्याकडे वळून अशी हसली
जणू तो नियम तिनेच करून घेतला होता.

गाडी आम्ही दिवाळीत विकली.
दोघी बहिणी, मिळून एकशे अकरा वर्षांच्या.
त्यातली ही धाकटी सायकल शिकली
शाळेच्या मैदानात, रात्री,
कोणी बघू नये म्हणून.
अजून वळताना ती हात दाखवत नाही,
जिकडे वळायचं तिकडे जीभ काढते.

चोडणला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाणी.
खाजणाचा बांध, मानशीच्या फळ्या,
आणि भरती आत शिरताना
त्या फळ्यांची बारीक कुरकुर.
तीस वर्षं इथून गाडीने गेलो,
काचा वर करून,
आणि कधी कुरकुर ऐकू आलीच
तर गॅरेजवाल्याला दाखवत राहिलो.

मयेच्या चढावर उतरून ढकलल्या.
यात लाजायचं काही नाही.
ढकलला की कळतं, चढाला पोट असतं,
बरगड्या असतात,
आणि मध्येच हातभर सपाटी असते
जिथे तोसुद्धा दम खातो.

डिचोलीच्या अलीकडे धूळ अजून तांबडी.
खाणीचे ट्रक थांबले,
पानांना कोणी कळवलेलं नाही.
बाबलमामा ह्याच रस्त्यावर दिवसाला सात खेपा मारायचा.
त्याची उशीसुद्धा लाल असायची.
शालनने रुमाल बांधला,
साखळीपर्यंत बोलली नाही.

पुढे वाळवंटी लागली,
चैत्रातली, गुडघाभर,
आणि दोन्ही काठांवरून वर चढत गेलेले काजू,
एकाचं दुसऱ्याशी पटत नसल्यासारखे, वेडेवाकडे.
परवा भाचीने पोर्तुगालातून फोटो धाडला होता:
दोरो नदीचा उतार, द्राक्षांच्या ओळी
शाळेच्या प्रार्थनेला उभ्या केल्यासारख्या,
खाली तिची सायकल टेकवलेली.
‘मावशी, या ना. इथल्या हवेलाच वास आहे!’
उत्तर लिहायला शालनने एक पाय टेकला,
फोन काढला,
नाक वर केलं,
आणि फोन परत पिशवीत टाकला.

वासामागे गेलो.

भट्टीवर पुतू गावस बोंडं तुडवत होता,
पोटऱ्यांपर्यंत पिवळा.
‘गाडी खंय दवरल्या?’
गाडी नाही.
तो आमच्या खांद्यांवरून वळणाकडे बघत राहिला,
मागून येईल म्हणून.
शेवटी आतून त्याची बायको म्हणाली,
‘अरे, पांय पळय तांचे.’
आमच्या पायांवर वंगणाचे काळे पट्टे,
त्याच्या पायांवर रस.
थोडा वेळ सगळेच पाय बघत बसलो.

दगडाखालच्या चोथ्यातून थेंब थेंब गळलेला नीरो
त्याने आमच्या बाटलीत भरला.
पैसे? पुढच्या खेपेला.
‘फक्त झाकण घट्ट लावू नका.’
शालनने घट्ट लावलं.
तिला सगळ्यात जास्त भीती सांडण्याची.

परतताना उतार होता, ऊन तोंडावर.
मये, चोडण, पुन्हा ती कुरकुर.
बाटली तिच्या सायकलच्या दांडीवर तापत होती,
मनातल्या मनात काहीतरी ठरवत.

मांडवीच्या बरोबर मध्यावर, फेरीत,
ती फुटली.
झाकण नदीत.
फेस शालनच्या कुडत्यावर, माझ्या चष्म्यावर,
आणि मागे उभ्या पांढऱ्याशुभ्र गाडीच्या बॉनेटवर.

काच खाली आली.
आतून गार हवा, आणि मग एक चेहरा.
आम्ही माफी मागायला तोंड उघडलं.
‘कसला हो हा वास?’ त्याने विचारलं,
आणि काच वर करायची विसरला.

शालन कठड्याशी फोन घेऊन उभी.
अंगठा चिकट.
अक्षर उमटत नव्हतं एकही.