शेवटचा रकाना

चोपडा डेपोत एकतीस वर्षं
मी ब्रेकची वही लिहितो.
गाडी नंबर, लायनर, ड्रम, किती मिलिमीटर उरलं,
आणि शेवटच्या रकान्यात : आ. सो. बडगुजर.
उतारावर गाडी थांबली नाही
तर आधी ती वही जप्त होते,
मग मी.
हे फोरमनने पहिल्याच दिवशी सांगितलेलं,
चहा पाजून.

कंपनीचं पत्र तीन पानांचं आलं.
कागद जाड, गुळगुळीत,
आमच्या लग्नपत्रिकेहून भारी.
रुचिताचं नाव दोनदा, दोन्हीदा चुकलेलं.
दुःख व्यक्त केलं होतं.
पुढे : प्रशिक्षणार्थीने
अपेक्षेप्रमाणे प्रतिसाद दिला नाही.
शेजारच्या सरांनी मराठी करून सांगितलं,
सांगताना चष्मा पुसत राहिले.
बायको कळण्याची भाकरी थापत होती.
हात न थांबवता म्हणाली,
"सही कोनी करी?"
सरांनी पान उलटलं. परत उलटलं.
कंपनीच्या वतीने, एवढंच.
खाली शिक्का, त्यात उडणारा पक्षी.

तपासात निघालं ते असं :
विमानात एक स्विच असतो, नखाएवढा.
तो चिकटला की विमान आपलं आपण नाक खाली घालतं
आणि चालवणाऱ्याला वाटतं, आपलंच चुकतंय.
कंपनीला ठाऊक होतं.
वर्षभर आधी परिपत्रक काढलेलं,
स्विच बदलून घ्यावा. कंसात : ऐच्छिक.
रुचिता गेल्यावर तेविसाव्या दिवशी
तेच परिपत्रक पुन्हा निघालं.
तोच स्विच, तेच चित्र, तीच किंमत,
बसच्या एका टायरात असे चार आले असते.
फक्त कंसातला शब्द : अनिवार्य.

तेवीस दिवस.
एक शब्द खोडायला.

जामटीबाई पावराने पाहिलं होतं,
टेमरूची पानं खुडताना,
बोरपाणी पाड्याच्या टेकडीवरून.
जळगावच्या सुनावणीत उभी राहिली,
चपला दाराशी काढून.
बोलली नाही. तळहात पुढे केला.
हात खाली गेला, तिने वर ओढला.
खाली गेला, वर ओढला.
तिसऱ्यांदा दुसऱ्या हाताने मनगट धरून ओढला
आणि तसाच धरून ठेवला, थरथरत.
मग दोन वाक्यं बोलली.
दुभाषा म्हणाला, "ती सांगते, विमान पडलं."
टंकलेखकाने तेवढंच घेतलं.
कंपनीच्या वकिलाने विचारलं,
बाईंचं तांत्रिक शिक्षण किती?
ती पुन्हा काही बोलली. दुभाषा गप्प.
साहेबांनी दटावलं तेव्हा म्हणाला,
"ती म्हणते, पोरगी भांडत होती.
कोणाशी, ते यांना विचारा."

तिची वही परत मिळाली. कडा जळलेल्या.
उड्डाणाआधी बघायच्या सत्तावीस गोष्टी,
प्रत्येकीपुढे बरोबरची खूण,
पानाखाली सही,
ब चं पोट माझ्यासारखंच फुगवलेलं.
अठ्ठाविसावी तिला कोणी सांगितलीच नव्हती.

आता तडजोडीचा कागद आलाय.
रक्कम बरी आहे, वकील म्हणतात, लोक घेतात.
कंपनीने काहीही मान्य केलेलं नाही, हे आम्हाला मान्य आहे,
असं त्यात लिहिलंय.
त्यांच्या बाजूला तोच पक्षी.
आमच्या बाजूला मात्र दोन रेघा
आणि पेन्सिलीच्या फुल्या,
इथे बापाने, इथे आईने.

बायकोने कागद डब्याखाली ठेवला.
तेलाचा डाग पडला तरी काढला नाही.

आज सकाळी वैजापूरच्या गाडीचे लायनर बदलले.
चाक फिरवून पाहिलं, पुन्हा पाहिलं,
पोरगा ड्रायव्हर हॉर्न मारत होता.
वहीत या वेळी आद्याक्षरं नाही,
अख्खं नाव लिहिलं, बापाच्या नावासकट.
रकाना पुरला नाही.
समासात गेलं.