उलटा काटा

नगरपालिकेनं मला यादी करायला पाठवलंय.
टाकी विकायची, तर आत काय काय आहे ते लिहा.
जिन्याच्या पायऱ्या एकशे एकोणनव्वद,
चार फुटक्या. उतरताना मोजल्या तर एक कमी भरली.
कबुतरं धरायची का, ते विचारायचं राहिलं.

टाकी बांधली तेव्हा गाव
पटकीतून नुकतं उठलं होतं.
हंगेरीचा हा सपाट मुलूख; उंच म्हणावं असं
एक देवळाचं शिखर, त्याखालोखाल गवताच्या गंज्या.
नगरसभेत दोन वर्षं भांडण:
पाणी मिळतं जमिनीखाली,
ते आभाळात टांगायला कर कशाला?
शेवटी इंजिनिअर जग घेऊन स्टुलावर चढला,
रबरी नळीचं एक टोक जगात,
दुसऱ्यानं महापौरांची मिशी भिजवली.
ठराव त्याच संध्याकाळी पास.

भरायला तीन रात्री लागल्या.
चौथ्या दिवशी बाजारचौकात नळ सुटला
तेव्हा पाणक्या यूलिश
गाडीवर बसून बघत होता, टोपी न काढता.
पिंप विकलं त्यानं. घोडी विकवेना.
पुढं कित्येक वर्षं ती रिकामी गाडी ओढत
जुन्या गिऱ्हाइकांच्या दाराशी आपोआप थांबायची,
आणि बायका, काही नको असताना,
बाहेर येऊन तिला गाजर द्यायच्या.

बाहेरच्या भिंतीवर पट्टी, एक ते सहा आकडे,
लाल काटा.
आत पाण्यावर तरंगता पत्र्याचा गोळा,
मधे साखळी, वर कप्पी.
पाणी चढलं की काटा उतरतो,
पाणी उतरलं की काटा चढतो.
बाहेरगावचा जावई इथं हमखास फसायचा:
"वा, काठोकाठ दिसतेय!"
आणि सासरवाडी पोट धरून हसायची.

मग तो हिवाळा.
आधी यांचे सैनिक वर चढले, नंतर त्यांचे.
पहाटे कुणाच्या तरी मशीनगननं
टाकीला सतरा भोकं पाडली.
सतरा धारा. अंधार पडेतो गोठल्या,
छपरापासून रस्त्यापर्यंत बर्फाची दाढी.
लोक कुऱ्हाडी घेऊन आले.
औषधवाल्याची बायको बर्फ न्यायची
उशीच्या अभ्र्यातून.
नऊ दिवस गाव टाकी फोडून प्यालं.

रखवालदार वेन्देल साबादोश
दोराला लोंबकळून बुचं ठोकत होता.
खाली स्वयंपाकघरात रोझालिया
तुतीच्या खुर्चीचा पाय तासत होती.
लाकूड आधी गळतं, मग पिऊन फुगतं;
पाणीच आपलं भोक बुजवतं, म्हणायचा तो.
त्या दिवसाची त्याची नोंद मी वहीत पाहिली:
"पातळी दोन. बर्फ. एक हातमोजा हरवला."
बाकी चौतीस वर्षांत
इतकं लांब वाक्य त्यानं लिहिलेलं नाही.

आता हायवेच्या कडेला पंप आहेत,
कपाटाएवढी पेटी, आत कॉम्प्युटर.
एप्रिलमध्ये टाकी कायमची सोडली.
राजधानीचा एक माणूस येऊन गेला,
त्याला वर कॉफी विकायचीय.
मान मागं टाकून म्हणाला,
काटा अडकलाय वाटतं, पार टोकाला?
म्हटलं, नाही, बरोबर आहे.
त्यानं वहीत लिहिलं: काटा, दुरुस्ती.

लाकडी बुचं, नग सतरा.
ठोकून पाहिली. एकही हललं नाही.

खाली उतरलो तर समोरच्या खिडकीत
वेन्देलची तेक्ला. नव्वदीला टेकलीय.
धुणं भिजवण्याआधी अजून
काट्याकडे बघते.
काटा म्हणतो पाणी नाही,
नळ म्हणतो आहे.
"दोघांतलं कुणीतरी खोटं बोलतंय," ती म्हणाली,
"म्हणून मी एक बादली भरून ठेवते."