पिंपातलं इंजिन

मे महिन्यात नदी घाटाच्या शेवटच्या पायरीला
जीभ लावून पडलेली असते,
तेव्हा मी पंचायतीच्या शेडमधनं बोट बाहेर काढतो.
पालथी. पाठीवर कोंबड्यांची घाण.
औरवाडच्या पोरांना तेवढंच निमित्त :
"मिस्त्री, पाणी कुठाय?"

पाणी येतंय. त्याला पत्ता पाठ आहे.

इंजिन सोडवून पिंपाच्या काठाला आवळतो,
पिंपात हापशाचं पाणी. दोरी ओढतो.
सहा वेळा काही नाही, सातव्यांदा खोकतं.
प्लग काढला तर काळाकुट्ट,
आदगोंडाच्या पुढच्या दातासारखा.
कुरुंदवाडहून दोन आणलेत : एक बसवला,
एक दुधाच्या पिशवीत गुंडाळून वर सायकलच्या ट्यूबचं रबर.

पेटीत पान्हा. पंख्याच्या पिना चार,
कारण एक लागते आणि तीन हातातनं पडतात.
बॅटरी, सेल उलटे घालून,
म्हणजे ती आपली आपण जळून बसत नाही.
शिट्टी जत्रेतली, जास्त कर्कश.
पाणी उपसायला कापलेला तेलाचा डबा.
झाकणं ठोकून बसवलेल्या दुधाच्या चार किटल्या, रिकाम्या,
बुडत्याच्या हाताला काहीतरी हवं.
आणि वल्ही दोन. इंजिन म्हणजे जावई,
कुठल्या पंगतीत रुसायचं ते तोच ठरवतो.
वल्हं घरचं.

आणि हे खुरपं.
एकोणीस साली मळ्याच्या वाटेवर
पंख्यात केंदाळ गुंतलं, वर उसाचं पाचट.
बोटीत आठ माणसं, त्यात एक ओली बाळंतीण,
खाली दोन पुरुष पाणी,
विजेच्या तारा गळ्याच्या उंचीला.
माझ्याकडं पान्हा होता, पिना होत्या,
कापायला काही नव्हतं. दातानं पाचट ओढत होतो.
चंपाक्कानं गाठोड्यात हात घातला.
"दागिनं ऱ्हायलं बघ घरात," म्हणाली,
"ह्ये तेवढं आलं."
आणि वाकून, तण काढावं तसं, तिनं नदी खुरपली.
परत मागितलं नाही. मी मुठीला दोरी बांधलीय.

सरपंचांना यादी हवी असते, देतो.
एक गोष्ट यादीत बसत नाही,
तिचा सराव पोरांबरोबर करतो.

बोट सुलटी करून कोरड्या मातीत ठेवतो.
आठ जणांना बसवतो. नववी मुबिना, सहा वर्षांची.
"बसू दे की मिस्त्री, बारीक हाय ती."
नाही.
"मांडीवर घेतो."
नाही.
तिला शेडच्या कट्ट्यावर उभी करतो, सांगतो,
हितंच थांब, मी परत येतो.
मग आठ पोरं आणि मी, बोटीच्या कडा धरून,
देवळाला वळसा घालतो. उन्हात, अनवाणी.
कुणी हसतं, कुणाला ठेच लागते,
पिंपात इंजिन एकटंच धडधडत असतं.

परत येतो. कट्ट्यावर ती तिथंच,
दोन्ही हातांनी खांब धरून.
"किती वेळ लागला गं?"
"लई," म्हणते.