भुईकाटा

पिंपळगाव सोडलं की खडकजांब फाट्याला भुईकाटा आहे.
काटा शेठचा, पण रात्रीपुरता माझा.
क्षमता साठ टन, टप्पा दहा किलोचा.
दहाच्या आतलं काही चढलं तर आकडा शून्यच राहतो :
कोंबडी, कुत्र्याचं पिल्लू, शेठचं तान्हं नातवंड.

गावात जो तो सांगतो, अमक्याचं वर वजन आहे.
अकरा वर्षं बसते मी इथे.
नव्वदच्या पुढे गेलेला माणूस
अजून तरी पाहिला नाही.

त्या रात्री नवाच्या बातम्यांत हुकूम आला.
कांदा देशाबाहेर जाणार नाही, उद्यापासून.
उद्या म्हणजे तीन तासांनी.
कौतिक बोरगुडेचा ट्रॅक्टर प्लेटवरच उभा होता,
बावीस क्विंटल, उन्हाळ, चकचकीत सालीचा.
मी चिठ्ठी पुढे केली. त्याने हात खिशातून काढला नाही.

मागे इद्रीसची दहाचाकी, मालेगावची.
गाडी स्वतःची, मालक तोच, ड्रायव्हर तोच,
क्लीनर सुट्टीत त्याचा मुलगा.
कुठल्याच युनियनची पावती कधी फाडली नाही.
पहाटे बंदराला निघायचा होता.
दोघांचं दोन वर्षं बोलणं नव्हतं.
कसाऱ्याला गाडी अठरा तास अडकली, माल पाझरला,
कौतिकने भाड्यातले चार हजार कापले,
आणि इद्रीस म्हणाला होता, घाट काय माझ्या बापाचा आहे?

तोच इद्रीस खाली उतरला,
गाडी आडवी तशीच ठेवून चावी खिशात टाकली
आणि कौतिककडे न बघता म्हणाला,
"आता कोण पुढे जातो बघू."

एवढंच. भाषण झालं नाही.
उजाडेपर्यंत रांग वडाळीभोईला टेकली.
ज्यांनी रांग लावली त्यांना
कुणी लावायला सांगितली, ते आजही सांगता येत नाही.
चहावाल्याने दूध संपल्यावर कोरा दिला,
कोऱ्याचेही तेवढेच पैसे घेतले.

अकराला आमदारांच्या पीएचा फोन काट्याच्या नंबरवर आला.
"ताई, किती लोक आहेत? अंदाजे सांगा."
अंदाजे आमच्याकडे चालत नाही.
मी इद्रीसला गाडी काढायला लावली, ट्रॅक्टरही,
आणि म्हटलं, चढा सगळे.
कुणी हसलं, कुणी चपला बाहेर काढल्या देवळासारख्या.
चाळीवर कांदा निवडणाऱ्या बायका कडेला उभ्या होत्या,
"आम्हाला कोण धरतंय?"
तुम्हीपण, म्हटलं. टोपल्या खाली ठेवा.

मशीन विचारतं : वाहन क्रमांक?
मोकळा सोडला.
माल?
यादीत कांदा, मका, द्राक्ष, वाळू, भंगार.
मी कांदा दाबलं.

"नऊ हजार आठशे चाळीस," मी फोनवर सांगितलं.
"माणसं?"
"किलो."
पलीकडे पंखा फिरल्याचा आवाज.
मग तो म्हणाला, "थांबा, साहेबांना देतो."

तिसऱ्या दिवशी हुकूम अर्धा सैल झाला.
फाट्यावर आभाराचा फलक लागला, त्यावर सात चेहरे.
त्यातला एकही माझ्या प्लेटवर चढला नव्हता.
भाव आठ दिवस वर राहिला.
कौतिकचा माल त्याआधीच गेला होता, नऊ रुपयांनी,
आणि इद्रीसचे तीन दिवसांचे टायर
उभ्या उभ्या उन्हात तापले ते वेगळंच.
सोमवारी दोघं परत काट्यावर,
भाड्यावरून शिवीगाळ, शेठ मध्ये पडला.
मला मात्र ऐकून बरं वाटलं. निदान बोलत होते.

परवा एका उमेदवाराची गाडी वळताना प्लेटवरून गेली,
आत सहा जण, हारासकट :
दोन हजार सातशे दहा.
पैसे द्यायला कुणी थांबलं नाही.

ती जुनी चिठ्ठी ड्रॉवरमध्ये आहे.
भरलेलं वजन छापलंय.
खाली रिकाम्या वजनाचा रकाना कोराच;
गाडी परत येऊन उभी राहिल्याशिवाय
मशीन तो भरू देत नाही.
शेठ म्हणतो, रद्द कर.
मी करत नाही. हिशोबात ती अजून उघडी आहे.