पाणी सोडणे

शेडबाळे वकिलांनी चष्मा पुसला.
"कलम एकोणीस, मगदूम वहिनी.
फ्रँचायझी पुढं चालू ठेवायची तर
आजवरच्या सगळ्या दाव्यांवर पाणी सोडायचं.
ज्ञात आणि अज्ञात."

पाणी सोडणं आम्हाला समजतं, साहेब.
कोयनेतनं सोडलं तेव्हा
गणपती पेठेतलं आमचं हॉटेल बुडालं,
कंपनीचा लाल बोर्ड तेवढा वर.
सतरा दिवस भट्टी बंद,
रॉयल्टी मात्र चालू.
हा झाला ज्ञात.

"आणि अज्ञात?"
"जो अजून तुमच्या ध्यानात आला नाही, तो."
"मग सोडायचा कसा?"
"सही करून."

"कंपनी काय सोडते?"
त्यांनी पान उलटलं, परत उलटलं.
खाली कोर्टाबाहेर भडंगवाला
कांदा चिरत होता.

मी म्हणाले, एक ओळ घाला:
पुराचे सतरा दिवस वगळून.
त्यांनी घातली. समासात, बारीक,
पेन्सिलीनं,
खोडता येईल अशी.

मी पर्समधनं पेन काढलं
आणि तीच अक्षरं गिरवत बसले
दुसरीतल्या पोरीसारखी,
जीभ दातांत धरून.