डाव्या पायाचे सूर

डॉक्टर ओकिंगा माझ्या पायाचं चौथं बोट खाली वाकवतात
आणि कातडीखाली एक दोरा ताठ होतो.
"ही नस. हिच्या वाटेला जायचं नाही."
जांभळ्या पेनाने तिच्यावर रेघ ओढतात,
शेताच्या कडेने चर आखावा तशी.

कमरेखाली मी नाही.
कमरेवर आहे ती खेस्के बोल्त्येस, वय एकसष्ट,
ग्रोनिंगनच्या उत्तरेला, समुद्राहून दीड मीटर खाली
वसलेल्या गावातल्या चर्चची ऑर्गनवादक.
हातांनी वाजवते, पायांनीही.
पायांचं कुणी विचारत नाही.

टाचेला पट्टा बांधून पाय ओढून धरलाय.
"किती उघडतो सांधा?"
"चार मिलिमीटर."
एवढ्याशा फटीत शिरायचं त्यांना.
दोन भोकं, पेनाच्या टोकाएवढी.
एकातून दुर्बीण, दुसऱ्यातून कुरतडणारी नळी,
आणि वर टांगलेल्या पिशवीतून
मिठाचं पाणी.

इथे मला हसू आलं.
आजोबा माझे पंपघरावर होते.
चाळीस वर्षं खारं पाणी बाहेर काढत राहिले,
मध्यरात्री कंदील घेऊन पट्टी बघायचे,
किती चढलं, किती उतरलं.
पाणी आत आलं की जमीन गेली,
एवढंच त्यांचं शास्त्र.
आणि ही नर्स लिउवे पिशवी हातभर वर सरकवते, म्हणते,
"पाणी आत गेल्याशिवाय काही दिसत नाही हो."

पडद्यावर आधी धुकं.
मग पांढरं शेवाळ, ओहोटीला डुलावं तसं.
मग तळ.
हा माझा तळ?
सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखा गुळगुळीत,
आणि पुढच्या काठावर हाडाची चोच.
"ही टोचत असणार."
टोचते, डॉक्टर.
बावीस वर्षं टोचते.

गोठलेल्या कालव्यावर बोरूची एक काडी बर्फात उभी होती,
स्केटचं पातं तिच्यात अडकलं.
आई म्हणाली, मुरगळलाय नुसता, बर्फ लाव.
बर्फानेच तर मुरगळला होता.

तेव्हापासून मी लबाडी करत आले.
डावीकडच्या खोल पट्ट्या उजव्या पायाने दाबायच्या,
पाय पायावरून पलीकडे टाकून, झग्याआड.
नाताळात केली, लग्नांत केली,
आजोबांच्या शवपेटीसमोरही केली.
कुणाच्या लक्षात आलं नाही.
फक्त पानं उलटणारा हार्म, एका कानाने बहिरा,
एकदा जिना उतरताना म्हणाला,
"तुझा उजवा पाय फार प्रवास करतो."

चोच झिजवायला अकरा मिनिटं लागली.
घड्याळ समोरच होतं.
कोपऱ्यात एक सुटा तुकडा तरंगत होता,
चिमटा गेला की निसटायचा,
तिसऱ्या खेपेला सापडला.
बाटलीत घालून दिलाय मला: मसुरीएवढा, पिवळट.
एवढ्याशा ऐवजापायी एवढी लबाडी.

पाणी काढून घेतलं. दोन टाके.
घरी जाताना बांध ओलांडला,
पंपघर चालू होतं.

सहा आठवड्यांनी चर्च रिकामं असताना बसले.
डावा पाय खाली नेला, टाच टेकवली,
सगळ्यात टोकाची पट्टी.
टोचलं नाही.
सूर आधी बाकांत आला, मग कानांत.
हार्मने चांगला कान पुढे केला.

पुन्हा वाजवू म्हटलं, सुरुवातीपासून,
आता जसं लिहिलंय तसं.
चौथ्या ओळीला डावीकडे जायची वेळ आली
आणि माझ्याही आधी उजवा निघाला,
धावतपळत, पायावरून पाय टाकून,
डाव्याच्या मदतीला.

त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही.